प्रस्थापित आणि दृढमूल

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



समाजात जे पक्के बसले आहे, त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. प्रघात, वहिवाट, रूढी, परंपरा, प्रस्थापित, दृढमूल! आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. शब्दांचा हा गोंधळ हळूहळू विचारांत उतरतो.

'प्रस्थापित' म्हणजे कोणीतरी बसविलेले. 'दृढमूल' म्हणजे ज्याने खोल मूळ धरले ते. परळ-लालबागकरांनी हा भेद डोळ्यांनी पाहिला आहे. १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढे गिरणीचा भोंगा हेच गिरणगावाचे घड्याळ झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर एकेक चिमणी थंड होत गेली. त्याच वस्तीत कोळी बांधवांनी व छोट्या व्यापाऱ्यांनी १९३४ साली बसविलेला लालबागचा गणपती मात्र आजही बसतो. गिरणी मालकाच्या ताळेबंदावर उभी होती. उत्सव वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या खांद्यावर.

आता 'रूढी'. 'रुह्' म्हणजे उगवणे, वाढणे. परंतु शेतात पिकाबरोबर तणही वाढते. मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सुरू झाला. १९२६ साली दादरच्या उत्सवात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पूजेचा अधिकार मिळावा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर यांनी धरला. सनातनी मंडळींनी विरोध केला. उत्सव अवघा तेहतीस वर्षांचा, आणि त्यात सोवळे-ओवळे शिरून बसलेले! बांधवांना जोडते ती परंपरा. त्यांना दाराबाहेर ठेवते ती केवळ रूढी. परंपरेचे नाव घेऊन रूढीला पाठीशी घालणे हा हिंदू समाजाचा घात आहे. रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले, त्यामागेही हाच विवेक होता.

आज गिरगावात, लालबागेत चाळी पाडून टॉवर उभे राहात आहेत. तेथे सोसायटीच्या परिपत्रकाने उत्सव प्रस्थापित करता येईल, दृढमूल नव्हे. त्यासाठी बंद दारे ठोठवावी लागतील, वर्गणीच्या निमित्ताने शेजाऱ्याचे नाव विचारावे लागेल आणि आरतीचे तबक प्रत्येकाच्या हाती द्यावे लागेल. आपल्या इमारतीत हे काम कोण करणार, एवढे आज घरी जाण्यापूर्वी ठरवू या.