दोन भाषांतील एक गाणें

गाणें परदेशीं जातें तेव्हां त्याच्याबरोबर काय जातें आणि मागें काय राहतें, याचा विचार आज एका उदाहरणावरून करूं.

उत्तर अटलांटिक महासागरांतील आइसलंड हें राष्ट्र लहान. सन २०१२ मध्यें त्याची लोकसंख्या सुमारें ३ लक्ष २० हजार होती. त्याच वर्षीं लोइगारबाक्की या खेड्यांतील आउस्गेइर त्रोइस्ती या वीस वर्षांच्या तरुण गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. चाली व कंठ त्याचे. बहुतेक पदें मात्र सत्तरी ओलांडलेल्या त्याच्या वडिलांचीं, कवि एइनार गेओर्ग यांचीं. दर दहा आइसलंडवासीयांमागें एकाच्या संग्रहीं ती मुद्रिका आहे, असें तेव्हां सांगितलें जाई.

हें प्रेम केवळ सुरांवरचें नव्हे. आइसलंडची भाषा इतकी थोडी पालटली आहे कीं, तेराव्या शतकांतील गद्यकथा तेथील सामान्य वाचक आजहि फारशा सायासावांचून वाचूं शकतो. पहिल्या ओळींतील दोन शब्दांचा आद्यध्वनि दुसऱ्या ओळीच्या आरंभींच्या आघातावर पुन्हा उमटावा, हा तेथील काव्याचा जुना नियम. अशा भाषेंत शब्द हाच नादाचा अर्धा भाग असतो.

पुढें परदेशांतील श्रोत्यांसाठीं हीच गाणीं इंग्रजींत आणण्याचें ठरलें. तें काम आइसलंडमध्यें वास्तव्य करणारा अमेरिकन गायक जॉन ग्रँट यानें केलें, आणि सन २०१३-१४ मध्यें इंग्रजी आवृत्ति युरोपांत व अन्यत्र पोंचली. स्वर तोच, वाद्यें तींच. परंतु मुद्रिकेचें नांवच पाहा. मूळ नांवाचा अर्थ 'मृतवत् शांततेंतील वैभव' असा आहे. इंग्रजी नांवांत केवळ 'शांततेंत' एवढेंच उरलें. वैभव मागें राहिलें!

मग भाषांतर करूं नये काय? तसें मला वाटत नाहीं. त्यावांचून दूरच्या श्रोत्याला पित्याच्या शब्दांची ओळखहि झाली नसती. मात्र भाषांतर हें दार आहे, घर नव्हे. आउस्गेइरनें सन २०१७ मध्यें बहुतांशीं इंग्रजी गाण्यांची मुद्रिका काढली. पण २०२० मध्यें एकच संग्रह दोन्ही भाषांत, दोन निरनिराळ्या नांवांनीं, एकाच वेळीं प्रसिद्ध केला. जगाकडे जातांना त्यानें घरची भाषा सोडली नाहीं. लहान भाषेच्या लोकांनीं ध्यानांत ठेवावी अशीच ही गोष्ट आहे.