मोजतं कोण, ठरवतं कोण?



कुंडलिकेच्या खोऱ्यात, चिंतामणराव देशमुखांच्या रोह्याशेजारच्या या धाटावात, स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करते.

स्त्रीवादी तत्त्वज्ञानाची परिषद रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत कशाला, असं काहींनी विचारलं. उत्तर इथल्या पहिल्या पाळीतच आहे. पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे आठ तास हजेरीत लागतात. त्याचा डबा करायला पहाटे उठणारीचे तास कुठेच लागत नाहीत. फक्त घरचं काम करणारी बाई जनगणनेतही ‘काम न करणारी’ ठरते. पावसाळ्यात भातलावणीला बायका दिवसभर चिखलात वाकून रोपं लावतात. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा पुरुषाचं. मग काम कशाला म्हणायचं, आणि ते ठरवायचं कोणी? हा या तत्त्वज्ञानाचा एक मूळ प्रश्न.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. स्त्रीचा स्वभाव कसा, हे सांगणारे ग्रंथ लिहिले कोणी? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून शास्त्रकारांनाच जाब विचारला. स्त्रीपण निसर्ग देतो की समाज घडवतो, हा वाद सिमोन द बोव्हार यांनी फ्रान्समध्ये १९४९ साली ‘द सेकंड सेक्स’मधून पेटवला. ताराबाईंचं पुस्तक त्याच्या ६७ वर्षं आधीचं आहे. तेव्हा हा विचार परका म्हणून कुणी झटकू नये.

तिसरा प्रश्न आपल्यालाच अडचणीत टाकणारा: ‘आपण बायका’ म्हणताना त्यात कोण कोण असतं? १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ या नावाने ग्रंथरूपात यायला मात्र १९८९ उजाडलं. तो लिहिला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. शर्मिला रेगे यांनी पुढे जातीला वगळून स्त्रीप्रश्न मांडता येत नाही, हे अभ्यासाने ठामपणे मांडलं.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. वक्त्यांना एकच विनंती: इथे लावणी करणाऱ्या, कंत्राटावर राबणाऱ्या बायाही बसल्या आहेत. त्यांना कळेल असं बोला, आणि चर्चेत पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.