कोटगढचे सत्यानंद

गणपतीचे दिवस आले म्हणजे आपल्या मुंबई-पुण्याच्या मंडईंत सिमल्याच्या बाजूच्या सफरचंदांच्या पेट्या येऊं लागतात. आरतीच्या तबकाशेजारीं ठेवलेलें तें तांबडें फळ त्या डोंगरांत कोणी रुजविलें, हें आपल्यापैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. त्या गृहस्थाची हकीकत आज सांगावयाची आहे.

सॅम्युएल स्टोक्स यांचा जन्म १८८२ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका सधन क्वेकर कुटुंबांत झाला. १९०४ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, ते हिंदुस्थानांत आले. व्यापारासाठीं नव्हे, तर सिमल्याच्या डोंगरांतील सबाथू येथें कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करण्यासाठीं. पुढें कांहीं काळ ते संन्याशासारखे राहिले. पण बैराग्याच्या पायां लोक पडतात, त्याला आपल्या बांधाच्या भांडणांत घेत नाहींत. १९१२ सालीं स्टोक्स यांनीं एका पहाडी रजपूत ख्रिस्ती कन्येशीं विवाह केला, आणि सतलजेच्या खोऱ्यावरील कोटगढ भागांत जमीन घेऊन ते शेतकरी झाले.

हिंदुस्थान-तिबेट रस्ता त्याच भागांतून जातो. साहेबलोक दौऱ्यावर किंवा शिकारीस निघाले कीं त्यांचें सामान वाहण्यासाठीं शेतकऱ्यांना वेठीस धरण्यांत येई. पीक कापणीस आलेलें असो, घरीं कोणी अंथरुणास खिळलेलें असो, हुकूम आला म्हणजे पाठीवर ओझें घेऊन निघावयाचें. मजुरी केवळ नांवाची. गोऱ्या जमीनदारास या वेठीची झळ लागत नव्हती. स्टोक्स स्वस्थ बसते तरी त्यांना कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु त्यांनीं अधिकाऱ्यांशीं पत्रव्यवहार केला, वर्तमानपत्रांत लिहिलें, गांवकऱ्यांस एकजुटीनें नकार देण्यास शिकविलें. आणि १९२१ सालीं त्या भागांतील वेठ उठली.

हेच स्टोक्स पहिल्या महायुद्धांत सरकारसाठीं सैन्यभरती करीत होते, हेंही सांगितलें पाहिजे. जालियनवाला बागेनंतर त्यांचें मन पालटलें. अंगावर खादी आली. सरकारी नोकऱ्या सोडण्याचें आवाहन करणाऱ्या १९२१ च्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकटेच परदेशी. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. गांधीजींनीं 'यंग इंडिया'मध्यें त्यांच्याविषयीं गौरवानें लिहिलें.

आतां सफरचंदांकडे वळूं. इंग्रजांनीं डोंगरांत आणलेलीं सफरचंदें बहुधा आंबट. त्यांना बाजार नव्हता. स्टोक्स यांनीं अमेरिकेंतील रेड डेलिशस जातीचीं रोपें आणवून १९१६ सालीं आपल्या बागेंत लाविलीं. पुढें त्यांच्या आईनें नाताळची भेट म्हणून गोल्डन डेलिशसचीं रोपें धाडलीं. फळ धरण्यास वर्षानुवर्षें लागणार, आणि तोंवर खावयाचें काय? गहूं-बटाटे पिकविणाऱ्या गरीब शेतकऱ्याची ही शंका मला तरी अगदीं रास्त वाटते. स्टोक्स यांनीं व्याख्यानें देण्यापेक्षां आधीं स्वतःच्या जमिनींत झाडें वाढवून दाखविलीं, मग शेजाऱ्यांना रोपें दिलीं, कलम कसें बांधावें, छाटणी कशी करावी, हें समजावून सांगितलें. आज हिमाचलांतील हजारों घरांचा संसार याच फळावर चालतो.

मी जन्मभर शाळामास्तर; म्हणून त्यांच्या शाळेविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. तारा नांवाचा त्यांचा मुलगा लहानपणींच गेला. त्याच्या नांवानें त्यांनीं शाळा काढली, आणि तींत त्यांचीं स्वतःचीं मुलें व गांवचीं मुलें एकत्र शिकलीं. मीं आपल्या नोकरींत पुष्कळ देणगीदार पाहिले. आपलें मूल त्याच शाळेंत घालणारा मात्र विरळाच.

१९३२ सालीं त्यांनीं हिंदु धर्म स्वीकारला व सत्यानंद हें नांव घेतलें. लोकांनीं त्यावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ वाद घातला. तो येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. ठाणेधार येथें त्यांनीं बांधलेल्या मंदिरांत उपनिषदांतील व गीतेंतील वचनें लाकडावर कोरलेलीं आहेत.

१४ मे १९४६ रोजीं ते वारले. स्वराज्य पंधरा महिन्यांवर आलें होतें. मे महिन्यांत त्या डोंगरांतील सफरचंदाचा मोहर गळून गेलेला असतो, आणि फांद्यांवर बोराएवढीं हिरवीं फळें धरलेलीं असतात.