सातवीचे गणित
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. भाषणाची मला सवय नाही आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मला सांगायचे आहे तेही सातवीबद्दलच, म्हणून धीर केला.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी जन्मापासून अंध आहे. लहानपणी मी मासळी साफ करायला बसले की ती जवळ येऊन बसे आणि तिचा हात मध्येमध्ये येई. कल्ले फणीसारखे का, माशाला कान असतात का, एक ना दोन. एकदा घोळीचा बोत तिच्या हाती दिला, तर ही पिशवी माशाला कशाला लागते, म्हणून दिवसभर पिच्छा सोडला नाही. शेवटी तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितले की त्या पिशवीत हवा असते आणि तिच्या आधाराने मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर राहतो. बोताचा भाव आपणां सर्वांना ठाऊक. त्याचा माशाला उपयोग काय, हे मला त्या पोरीमुळे कळले.

ती दहावीत गेली ते २०१८ साल. अंध मुलांना दहावीच्या गणिताऐवजी सातवीचे गणित घेता येई, आणि विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र हा विषय. दीर होडीवर, जाऊबाई बाजारात, म्हणून शाळेत मी गेले. घरात त्यातल्या त्यात शिकलेली मीच ना! मला वाटले, पोरीचा त्रास वाचला. दिरांनी सही कोठे करायची ती जागा मीच बोटाने दाखवली.

पोरगी चांगल्या गुणांनी पास झाली, आम्ही पेढे वाटले. पुढे अकरावीला विज्ञान मागायला गेली, तर उत्तर मिळाले की दहावीला गणित-विज्ञान नाही, तेव्हा ही शाखा मिळणार नाही. तिने आदळआपट केली नाही. कला शाखेत गेली, बी. ए. झाली. पण एका रात्री भांडी लावताना म्हणाली, "काकी, सही घेतलीस, पण मला विचारलं नाहीस." माझे गणित सातवीला थांबले ते घरात पैसा नव्हता म्हणून. तिचे थांबले ते आम्ही माया केली म्हणून.

सवलत वाईट, असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलाला खरोखर झेपत नाही, त्याची नाव तिने पार लागते. पण झेपते की नाही, हे डोळ्यांवरून ठरवू नये. आधी साधने हाती द्यावीत आणि मग पाहावे.

साधने तरी कोणती? टेलर फ्रेम नावाची एक पाटी असते. तिला आठ कोनांची भोके असतात. त्यात धातूचा छोटा खिळा आठ दिशांनी वळवून बसवता येतो, आणि तो कोणत्या दिशेला आहे त्यावरून बोटांना आकडा कळतो. बेरजेपासून बीजगणितापर्यंत सारे तिच्यावर मांडता येते. ब्रेलचे सहा ठिपके तर तुम्ही ऐकून असाल. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी मिळून एकच ब्रेल लिपी आहे, तिच्यात मराठीही आली. गणिताच्या खुणांची ठिपक्यांतली पद्धत अमेरिकेतल्या अब्राहम नेमेथ यांनी बसवली आणि ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. हे गृहस्थ स्वतः जन्मांध. गणिताची आवड असूनही, अंधाला त्यात काम मिळणार नाही, म्हणून त्यांना मानसशास्त्राकडे वळवले होते. त्यातही मनासारखी नोकरी मिळेना. तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचवले की बेकारच राहायचे तर आवडीच्या विषयात तरी राहा. ते गणिताकडे परतले आणि प्राध्यापक झाले. बायकोचे ऐकले म्हणून झाले, हे घरच्या पुरुषमंडळींना जरूर सांगा.

आता संगणक आणि फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. संगणकासाठी एन. व्ही. डी. ए. नावाची सोय फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ती सुरू केली. मात्र पुस्तकातले नुसते चित्र तिला नीट वाचता येत नाही, आणि विज्ञानात चित्रे फार. तेथे हाताला लागेल अशीच आकृती हवी. दिल्लीचा कार्तिक साहनी हा अंध मुलगा बोर्डाकडे पुन्हापुन्हा अर्ज करून विज्ञान शाखेत शिरला आणि २०१३ साली बारावीला सुमारे ९६ टक्के गुण मिळवून गेला. हे मला आधी ठाऊक असते, तर त्या दिवशी माझे बोट थांबले असते.

कायद्याचेही सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत पुस्तके आणि योग्य साधने सरकारने विनामूल्य पुरवायची आहेत. परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ यांचीही त्यात तरतूद आहे. तेव्हा दाखला काढून ठेवा. आणि चौकशीला लांब जायला नको. अंधांसाठी १९५२ पासून काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आपल्या वरळी सी फेसवरच आहे. इतकी वर्षे मी त्या रस्त्याने गेले, आत एकदाही डोकावले नाही.

आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा आठवीत आहे. त्याची नजर कमी होत चालली आहे. त्याची आई परवा मला विचारायला आली, की सवलतीचा फॉर्म कधी भरायचा. मी म्हटले, अगोदर पोराला विचार, आणि शाळेत जाशील तेव्हा मला बरोबर घे; सवलत घेतल्यावर पुढे कोणती दारे बंद होतात, ते आधी विचारून घेऊ.

सध्या आमची पुतणी संध्याकाळी त्याला भूमिती शिकवते. मी पुठ्ठ्यावर डिंकाने जाळ्याचे सूत चिकटवून आकृत्या करते. माझा काटकोन तिने बोट फिरवून दोनदा उसवायला लावला. आता हृदयाचे चार कप्पे करायला घेतले आहेत. सूत घरात पुष्कळ आहे, पुठ्ठा कमी पडतो. कोणाकडे साड्यांचे रिकामे खोके असतील, तर आमच्याकडे पाठवून द्यावेत.