पिंपातला मध आणि आपली घाई



200 लिटरच्या पिंपात सुमारे 280 किलो मध मावतो. पण थंडीत तोटी उघडावी, तर थेंबही बाहेर येत नाही. मधातली द्राक्षशर्करा गारठ्यात विरघळलेली राहत नाही. तिचे बारीक खडे होऊन सारे पिंप थिजते. मग ते तापवल्यावाचून गत्यंतर नसते.

तापवायचे कसे? खाली जाळ केला, तर कडेचा मध करपतो आणि आतला गोळा तसाच राहतो; कारण मधातून उष्णता फार सावकाश पसरते. शिवाय अति उष्णतेने मधमाशीने त्यात घातलेले पाचक रस नासतात. म्हणून जाणता माणूस पिंप 40 अंश सेंटिग्रेडच्या उबदार खोलीत ठेवतो आणि काही दिवस वाट पाहतो. पोळ्यात जिथे पिले वाढतात, तिथे 35 अंशांची ऊब असतेच. तिच्याहून फार पुढे जायचे नाही, एवढेच सूत्र.

हा धीर पुष्कळांना का धरवत नाही? दोष थोडा आपल्याकडेही येतो. बाटलीत खडे दिसले, की आपण म्हणतो, "यात साखर घातली आहे!" म्हणून विकणारा मध इतका तापवतो, की खडे लवकर धरूच नयेत. मित्रहो, खडे धरणे ही काही भेसळीची खूण नव्हे. यापुढे अशी बाटली परत करू नका. कोमट पाण्यात ठेवा आणि थोडे थांबा. आपण घाई सोडली, तर पिंपाखालचा जाळही मंदावेल.