फोटोत न आलेले शेत
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात आज आम्ही भातवाल्या पालघर जिल्ह्यातली गोष्ट सांगणार आहोत. कारण ती आपल्याच कामाची आहे.

बोईसरला उतरले की पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. पुढे समुद्रकाठी १९६९ पासूनचा अणुवीज प्रकल्प. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, गंजाड हे वारल्यांचे गाव आहे. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्या कलेला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे गंजाडचेच.

गंजाडचे दुसरे चित्रकार राजेश वांगड. २०१३ साली छायाचित्रकार गौरी गिल तेथे आल्या. वांगडांनी त्यांना रान दाखवले, कोठे काय घडले ते सांगितले. फोटो काढून पाहतात तर जमीन आली, झाडे आली, माणूस आला; सांगितलेले काहीच आले नाही. तेव्हा वांगडांनी त्याच फोटोंवर शाईने वारली चित्रे काढली. गेलेले जंगल, देव, माणसे, जमिनीवर झालेले घाव, सगळे त्यात मांडले. ती चित्रे परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांतही लागली.

आता आपले पाहा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण शेताचा फोटो टाकतो. फोटोत पऱ्हाटी हिरवीगार दिसते. दुबार पेरणी दिसते का? बोंडातली गुलाबी अळी दिसते का? ज्वारी फोटोत उभी असते; मागून पावसात कणसे काळी पडली, ते कोण पाहतो? मग नुकसान मागायला गेलो की साहेब म्हणतात, पीक तर उभे होते!

शेतीशास्त्र आम्हीही शिकलो. पण किती कापूस कवडी निघाला, हे वेचणाऱ्या बाईइतके कोणत्याही पदवीधराला ठाऊक नसते.

म्हणून प्रत्येक गावाने दोन कामे करावीत. फोटोबरोबर वही ठेवा: पेरणीची तारीख, पावसाचा खंड किती दिवस, बियाण्याच्या पिशव्या किती, वेचणीगणिक कवडी किती. आणि गावाचा शिवार चावडीच्या भिंतीवर काढा. कोणत्या वावरात काय गेले ते त्यात भरा. रेघ मायबहिणींनी ओढावी, त्यांचा हात सरळ चालतो.

पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. तहसीलवर त्याच घेऊन जाऊ.