जुना कोठा, नवी जागा

राळेगाव भागात जुना टिनाचा कोठा विकत घेऊन आपल्या वावरात उभा करायचा, तर घाई खोलताना करू नका. प्रत्येक खांबावर, आड्यावर रंगाने नंबर टाका आणि मगच ट्रॅक्टरवर चढवा. खांब सागवानी असतील, तर आधी वन विभागात वाहतूक परवान्याची चौकशी करा.

लाकडी खांब सडतो तो जमिनीलगत. तिथे सळाख टोचून पाहा. सहज शिरली, तर तेवढा भाग कापा.

खरी मेख आपल्या काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. म्हणून खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्या. खांब पक्के करण्याआधी दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे भरले नाहीत, तर टिनं तिरपीच बसणार.

टिनांची जुनी भोकं पन्हाळीत नव्हे, उंचवट्यावर यायला हवीत. हूक जुने चालतील, रबरी वायसर मात्र नवेच घ्या. पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून टिनं पूर्वेच्या टोकापासून टाकत या. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी छप्पर पुरं करा.